पिवळा पट्टा

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्यांचे शब्द पडद्यावर दाखवतात, कारण पहिल्या कडव्यानंतर बहुतेकांचा आनंदीआनंद असतो. लॅपटॉपवरच्या यादीतून आरती निवडून उघडायचं काम अक्कांचं. त्या बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातल्या, बोलताना कन्नड मिसळणाऱ्या.

गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. माऊस भलतीकडे सरकला आणि गणपतीची आरती ऐन रंगात असताना देवीची उघडली. मंडळींनी तीही तितक्याच जोरात म्हणायला घेतली. सगळे हसले, अक्का सोडून.

"यंदा कुणा तरुणाला बसवू," कार्यवाह बैठकीत म्हणाले. माझं डोकंच फिरलं. यांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही!

मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दिवसभर वेबपानंच बनवते. म्हटलं, माऊस हवाच कशाला? एका शनिवारी अक्कांकडे बसून मंडळाच्या आरत्यांच्या यादीचं पान बदललं. खालचा बाण दाबला की पुढची आरती, वरचा दाबला की मागची, निवडलेल्या ओळीवर रंगाचा पट्टा, आणि एंटर दाबलं की ती उघडणार. पट्टा मी मोठ्या रसिकतेने फिकट निळा दिला होता.

"कुठे आहे गं?" अक्कांनी विचारलं. मुकाट्याने हळदीसारखा पिवळा केला.

मग नवीच पंचाईत. बोट थरथरून बाण दोनदा दाबला जायचा आणि पट्टा एक आरती गाळून पुढे जायचा. अक्कांनी हात मांडीवर घेतला. "राहू दे. बसू दे त्या तरुणालाच."

"अक्का, स्वल्प थांबा," मी त्यांच्याच कन्नड शब्दात म्हटलं, आणि पाठोपाठ आलेला दुसरा दाब पानाने मोजूच नये, अशी सोय केली. त्यांनी पुन्हा बाण दाबला. बोट थरथरलं, पण पट्टा एकच ओळ खाली उतरला. अक्कांनी मग उगाचच सगळी यादी खालीवर करून पाहिली.

गणपतीत कार्यवाह त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले, वेळ पडली तर असावं म्हणून. अक्कांनी माऊस उचलून त्यांच्या हातात दिला. "हा धरा, अण्णा. जड नाही."

एकही आरती चुकली नाही. प्रसाद वाटून झाल्यावर अक्का माझ्याकडे आल्या.

"पुढच्या वर्षी अक्षरं स्वल्प मोठी कर गं," त्या म्हणाल्या. "मला त्या खुर्चीतून नीट दिसायला हवीत."