हात न टेकता

दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. मी धडगावकडचा, चौथीत शाळा सुटलेला. नंदुरबारला पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, पोती उचलतो. साठी जवळ आली तशा मांड्या थरथरायला लागल्या. मुकादम म्हणाला, "आळस भरलाय, घरी जा." घाबरून मी ताकदीच्या पावडरीचा डबा आणला आणि कसा घ्यायचा ते विचारायला दवाखान्यात गेलो.

सिस्टर बोलतात ते दारावर थापा मारल्यासारखं. "डबा पीसन ताकद येस का रे, येडा?" मग समजावलं. स्नायूत ताकद तयार होताना चुलीसारखा धूरही होतो. तरुण शरीर तो बाहेर काढतं. वय झालं की तो आत कोंडतो, स्नायू झिजतो. डाळ खा, रोज हात न टेकता खुर्चीतून ऊठबस कर.

दोन महिने केली. तरी मुकादम हाकलायलाच निघाला, तेव्हा मी सिस्टरांना जाऊन सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत त्या पथारीवर आल्या. ऑफिसातली खुर्ची बाहेर ओढली. मी हात न टेकता दहा वेळा उठलो.

"मुकादम, आते तू बस."

चाळिशीचा तो माणूस. सहाव्याला त्याने गुडघे धरले.

"आते सांग, आळस कोन्हा शे?"

काम टिकलं. राग टिकलाय. झिजलेल्या अंगाला तो आळस म्हणाला होता.

जाताना ऑफिसच्या पायरीवर सिस्टरांनी स्वतः भिंत धरली. मी पाहिलं; वय त्यांचंही होतंय. एक दिवस त्यांना आमच्या डोंगरात होळीला नेईन. चढावर हात टेकायला माझा खांदा असेल.