गोरिलाकडं बसायला

अंबडच्या बसस्टँडवर भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला तो गोरिला आठवतो. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीनं बस ठरवून दक्षिणेची सहल काढली होती. तिकडच्या एका प्राणिसंग्रहालयात, खंदकापलीकडं, तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. रुंद पाठीवरचे केस राखेसारखे पांढरट झालेले, शेजारची केळी आणि दूध तसंच पडलेलं. त्यानं वळून बघावं म्हणून आमचीच माणसं शिट्ट्या मारत होती, शेंगा फेकत होती. वडिलांनी तिथल्या राखणदाराला मोडक्या हिंदीत विचारलं, तेव्हा कळलं की याची मादी मेली. दुसरी परदेशातून आणायची खटपट चालू आहे, पण मिळत नाही. ते ऐकून आई एकदम खवळली. "गप बसा की! त्याच्या घरात मयत झाली अन् तुम्ही शिट्ट्या काय मारून राह्यले?" मग डोक्यावर पदर ओढून ती कठड्यापाशी खाली बसली, मयताच्या घरी बायका बसतात तशी. वडील ओशाळून म्हणाले, "ऊठ, लोक हसून राह्यले." ती तिच्या वेळेनंच उठली, आणि अशा घरून निघताना "येते" म्हणायचं नसतं, म्हणून मुकाट्यानं चालू लागली. आता आई जाऊन वर्ष होत आलं. वडील भिंतीकडं तोंड करून बसतात, ताट तसंच राहतं. मी दर रविवारी जालन्याहून येते, त्यांच्या पाठीमागं बसते, आणि गाडीची वेळ झाली की "येते" न म्हणता उठते.