अर्ध्या वेळाचे अर्धे पैसे?

मंडळी, आमच्या वहिनीला आज मानलं!

साकीनाक्याला आमचं गाडी डिटेलिंगचं छोटं दुकान आहे. गाड्या मी घासतो, गिऱ्हाईक वहिनी सांभाळते. आतल्या सीट धुऊन सुकवायला आम्हाला दोन दिवस लागायचे. गेल्या आठवड्यात नवं मशीन आणलं, आता सकाळी आलेली गाडी दुपारी तयार.

आज आमचे नेहमीचे टॅक्सीवाले काका आले होते. दुपारीच गाडी चकाचक बघून खूश झाले आणि लगेच म्हणाले, "एवढ्यात झालं ना? मग अर्धेच पैसे घे."

खरं सांगतो, मला पटलं यार. मी हो म्हणणार, इतक्यात वहिनी बाहेर आली.

"चालेल काका, अर्धेच द्या. फक्त गाडी पहिल्यासारखी परवा न्या."

काकांना संध्याकाळी एअरपोर्टचं भाडं होतं. ते हसायलाच लागले. "दोन दिवसांचा धंदा वाचवलास गं माझा," म्हणाले आणि पूर्ण पैसे देऊन गेले.

मग वहिनी माझ्याकडे वळली. "बाहेरच्या पाटीवरचं 'दोन दिवसांत' पूस आणि 'आजच्या आज' लिही. रेटला हात लावू नकोस."

धंदेवाल्यांनो, मशीन आल्यावर तुम्ही रेट उतरवलात का? जपून लिहा, कमेंट वहिनी वाचते.