आठ नंबरचे बूट

नात लिवून घेते हाय, मी बोलते. भूत-बीत मी कवा मानलं नाय. मसणवटीच्या वाटेनं एकटीनं लाकडं आणली, कायसुदीक दिसलं नाय… पण हे भरदुपारचं हाय.

खालापूरकडं एका कंपनीत मी स्टोअर झाडते. आमचे हे तिथंच हेल्पर व्हते. ट्रॉली पायावरून गेली, उजव्या पायाची करंगळी तुटली, तवा कंपनीनं सेफ्टी बूट दिले. आठ नंबर. त्याआधी जलमभर अनवाणी. मग काविळीनं गेले. बाराव्याला मयताच्या नावानं पायताण द्यायचं असतं, म्हंजे वरच्या वाटेला काटे लागत नायत. घरात त्यांचं दुसरं पायताणच नव्हतं. मी तेच बूट कोंडाण्याच्या भाच्याला दिले. कंपनीचा माल हाय, ध्यानातच आलं नाय.

त्याला नऊ वरसं झाली.

यंदा चैतात कॉम्प्युटरवाली कल्पना जुनं रेकॉर्ड आर्काइव्ह करत व्हती. "पुसत नाय गं मावशी, माळ्यावर टाकते," म्हणाली. सगळं गेलं, एक ओळ जाईना. टाकली की परत वर.

"मावशी, काकांचे बूट अजून त्यांच्याच नावावर. परत आल्याबिगर आर्काइव्ह होत नाय."

मी खरं काय ते सांगितलं. ती हसायलाच लागली. "भारीच गं तू! कंपनीचा माल थेट वर इश्यू केलास! थांब, भंगारात दाखवते."

"भंगार नको लिवूस. त्यांच्या पायात हायेत ते."

"बरं बाई… चल, चहा पिऊन बघू."

स्टोअरला कुलूप घालून आमी दोघी गेलो. चावी तिच्या पर्समध्ये. आलो तर त्या ओळीफुडं — 'परत आले'. तारीख त्याच दिवसाची, वेळ आमच्या चहाची. कुणी नोंद केली त्याचं नाव येतं, ते कोरं. जागा — रॅक सहा, खालचा कप्पा.

बघितलं. बूट नव्हते. पण लादीवर ओली पावलं, कप्प्यापासून दाराकडं जाणारी. अनवाणी. उजव्याला चारच बोटं.

कल्पनानं पर्स उघडून चावी बघितली. मी भाच्याला फोन लावला. "मामी, ते बूट कवाच फाटले. टाकून दिले."

भ्याव नाय वाटलं मला. वाईट वाटलं. भेगा पडलेले पाय त्यांचे… बूट दिलेत म्हणून नऊ वरसं मी बिनघोर व्हते.

"परत त्यांच्या नावावर टाक गं."

"कसं टाकू मावशी? ओळ गेली बघ… आपोआप आर्काइव्ह झाली."

"मग माझ्या नावावर टाक. आठ नंबर."

"तुझा पाय चारचा."

"टाक."

टाकले तिनं, नवा जोड काढून दिला. ते बूट मी घराच्या दाराशी ठेवलेत, बाहेर तोंड करून. कसं झालं ते कल्पनाला अजून सांगता येत नाय, मला तर नायच. रोज सकाळी उचलून बघते, त्यांनी घातले का ते.

तळ कोरडे असतात.