आधी तू, मग मी

तंजावूरबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात अकराशे संगणक आणि तीन वसतिगृहांचं वायफाय ज्या बाईच्या जिवावर चालतं, तिचं नाव वाणी. तिच्या खोलीवर पाटी नाही. कुठल्या इमारतीतलं नेट गेलं की लोक एवढंच म्हणतात, "वाणी मॅडमना फोन करा." मग ती पदर खोचून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात चाव्यांचा जुडगा घेऊन निघते. बहुतेक वेळा उंदराने केबल कुरतडलेली असते.

तिचा नवरा प्रणवेश तिच्याच वर्गातला. दोघंही तंजावूरच्या जुन्या मराठी घरांतली. घरात मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, कामात इंग्रजी, आणि भांडण मात्र तमिळमध्ये. सासूबाई गंगाबाईंसमोर वाणी नवऱ्याला "तुम्ही" म्हणे, त्यांची पाठ वळली की "तू".

नेटवर्किंगच्या धंद्यात एक परीक्षा आहे, जिचं नाव काढलं की भलेभले कानाला हात लावतात. आधी लेखी. ती पास झाल्यावर तीन वर्षांच्या आत बेंगळूरला जाऊन आठ तासांचं प्रात्यक्षिक द्यायचं. समोर राउटरांचं एक मोठं जाळं असतं. काही भाग नव्याने उभा करायचा, काही मुद्दाम बिघडवून ठेवलेला दुरुस्त करायचा. पहिल्या खेपेला पास होणारा विरळाच. आणि तीन वर्षांत जमलं नाही, तर लेखीही बाद. पुन्हा श्रीगणेशा.

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये दोघांनी एकाच दिवशी त्रिचीला जाऊन लेखी दिली आणि दोघंही पास झाली. वाणीचे गुण जास्त होते. प्रणवेशने बसमध्ये मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही ते वळून सांगितलं, इतका त्याला तिचा अभिमान.

पण घर एकच आणि हात मोजके. मुलगी सौम्या दोन वर्षांची, गंगाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलेलं. प्रात्यक्षिकाची तयारी म्हणजे रोज चार-पाच तास आणि रविवार पूर्ण. दोघांनी एकदम बसणं शक्यच नव्हतं.

"आधीं तूं बस," वाणी म्हणाली. "तुझें झालें कीं मी."

"नक्की?"

"नक्की. पण मग माझ्या वेळेस मागें फिरायचें नाहीं हं."

"शप्पथ," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

माजघराच्या कोपऱ्यात जुन्या राउटरांची मांडणी झाली. संध्याकाळी प्रणवेश कीबोर्डशी बसे आणि वाणी सौम्याला कडेवर घेऊन त्याच्या मागे उभी राही. चूक आधी तिलाच दिसायची. स्वयंपाकघरातून रसमाला फोडणी देता देता ती ओरडायची, "तिसऱ्यास विचार कीं, त्यास वाट ठाऊक आहे का!" आणि खरोखर तिसऱ्या राउटरातच घोटाळा निघायचा. तो टाइप करी, ती बोले. कोणाची बोटं आणि कोणाचं डोकं, हे त्या तीन वर्षांत सांगता आलं नसतं.

प्रणवेश पहिल्यांदा नापास झाला तेव्हा दोन दिवस जेवला नाही. दुसऱ्यांदा जेवला, पण बोलला नाही. तिसऱ्या खेपेनंतर बेंगळूरहून आला तो बूट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसला. "पुरे. हें माझ्याच्यानें होत नाहीं," म्हणाला. वाणीने त्याला सोडू दिलं नाही. त्याच्या चुकांची यादी करून ती रोज एकेक सोडवून घेई. तिच्या लेखीची मुदतही तेव्हाच सरत होती, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तो आधीच खचलेला. त्यात आपलं ओझं कशाला, असं तिला वाटलं.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये तो पास झाला.

घरात केसरी, म्हणजे केशरी शिरा, शिजला. गंगाबाई काठी टेकत शेजारच्या चार घरी जाऊन सांगून आल्या, काय सांगितलं ते त्यांनाही कळलं नसेल. वाणीला इतका आनंद झाला होता की तिने कॉलेजात चुकून दोनदा पेढे वाटले. दहा दिवसांत चेन्नईच्या एका कंपनीने प्रणवेशला बोलावलं. बावीस जुलैला रुजू व्हायचं ठरलं.

वाणीची मुदत ऑगस्टच्या मध्याला संपत होती. बेंगळूरच्या जागा भरलेल्या होत्या. ती रोज पाहत होती. एका सकाळी कोणाची तरी रद्द झालेली जागा दिसली, तेवीस जुलैची. संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती. तिला हवे होते फक्त तीन दिवस. तेवढे दिवस प्रणवेशने घरी राहायचं, गंगाबाईंना आणि पोरीला पाहायचं. रुजू व्हायची तारीख चार दिवस पुढे मागितली असती तर कंपनीने दिलीही असती.

तो दोसै खात होता. शेजारी उघडी बॅग, त्यात नवे शर्ट.

"तेवीसला मज बेंगळूरास जाणें आहे," वाणी म्हणाली.

प्रणवेशने मान वर केली. "कशास?"

चिडून म्हणाला असता तर ती भांडली असती, आणि तमिळ भांडणात ती सहसा हरत नसे. पण तो चिडला नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ प्रश्न होता, एखाद्या लहान मुलाच्या चेहऱ्यावर असावा तसा.

मग क्षणभराने त्याला आठवलं. "हां, तें! नंतर दे कीं. मी एकदां तेथें रुळतों, मग निवांत दे." आणि तो चटणीकडे वळला.

"बरें," ती म्हणाली.

'नंतर' नाही, हे तिने त्याला सांगितलं नाही. दोन शब्दांचं काम होतं. पुढे कितीतरी दिवस तिने स्वतःला याचा जाब विचारला. पण त्या सकाळी तिच्या तोंडून ते निघेना. तीन वर्षं तिने त्याचा एकेक दिवस मोजला होता. आपला एक दिवस त्याला आठवण करून देऊन मागायचा, हे तिला जमेना. संध्याकाळी ती जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. प्रणवेश ठरल्या तारखेला चेन्नईला गेला. ऑगस्टमध्ये मुदत संपल्याचा ईमेल आला तेव्हा ती मुलींच्या वसतिगृहात शिडीवर होती. खाली उतरून तिने तो वाचला, आणि परत वर चढली, कारण वायफायच्या पेटीचं झाकण उघडंच राहिलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी प्रणवेशचा फोन आला. ऑफिसात नव्या मुलांना त्याने परीक्षेबद्दल चार शब्द सांगायचे होते. त्यासाठी जुने ईमेल चाळताना त्याला लेखीच्या निकालाचा दिवस सापडला. दोघांचा एकच. त्याने बोटांवर वर्षं मोजली होती.

"वाणी, तुझी मुदत..."

"हो. गेली."

"तूं मज सांगितलें कां नाहींस?"

"सांगितलें होतें. तूं दोसै खात होतास."

"मज आठवत नाहीं. मी काय म्हणालों?"

वाणी खिडकीशी उभी होती. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. "कांहीं नाहीं," ती म्हणाली. आणि मग तमिळमध्ये, "परवाइल्लै." असू दे. टाउन बसमध्ये कोणाचा पायावर पाय पडला की म्हणतात, तसं. तो रडायला लागला. तिने ऐकून घेतलं. सौम्याला शाळेतून आणायची वेळ झाली तेव्हा तिने फोन ठेवला.

लॉकडाऊनमध्ये कंपनीने त्याला घरून काम दिलं आणि तो तंजावूरला परतला, तो कायमचाच. आल्या दिवसापासून त्याने जणू व्रत घेतलं. स्वयंपाक तो करी. आईला अंघोळीला पाणी तो देई. "आतां तुझी वेळ," तो म्हणे. वाणीने पुन्हा पुस्तकं उघडली. परीक्षा पार बदललेली होती. आता राउटरांना माणसाने नव्हे, माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमने हुकूम द्यायचे होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती प्रोग्रॅमिंग शिकली. पहिले काही महिने तर तिला फार बरं वाटलं. डोकं अजून चालतं, हे कळून आपल्याच हाताला आपण टाळी द्यावी असं. बावीस साली लेखी पुन्हा पास झाली.

पण प्रणवेशचं व्रत काही संपेना. फ्रिजवर वेळापत्रक आलं. "आज किती तास झाले?" रोज रात्रीच्या जेवणाला तोच प्रश्न. लग्नामुंजीत भेटेल त्याला तो सांगे, "वाणी आतां देणार. ती माझ्याहून हुशार." माणसं तिच्याकडे कौतुकाने बघत, आणि तिला कुठे बघावं कळत नसे. एखाद्या संध्याकाळी तिला नुसतं गच्चीत बसावंसं वाटे. पण तो खालून गरम कॉफी घेऊन येई, आणि त्याचे ते डोळे बघून ती मुकाट्याने उठून लॅपटॉपशी जाई.

चोवीसच्या फेब्रुवारीत ती बेंगळूरला गेली. सौम्या आणि गंगाबाईंना नणंदेकडे ठेवून प्रणवेशही बरोबर आला. आठ तास तो त्या इमारतीबाहेर फूटपाथवर उभा राहिला.

आत पहिला भाग तिने वेळेच्या आधी पुरा केला. दुसऱ्या भागात, पाचव्या तासाला, तिला एक बिघाड दिसला. नजर टाकताच दिसला, पूर्वी स्वयंपाकघरातून दिसायचा तसा. आणि ती थांबून राहिली. काही क्षण तिला उमगेना, आपण कशाची वाट बघतोय. मग कळलं. कोणीतरी टाइप करील म्हणून. तिने बोटं चालवली, पण तेव्हापासून मन काही जाळ्यात राहिलं नाही. तो बाहेर उन्हात उभा असेल. काही खाल्लं नसेल. मी पास झाले नाही तर हा काय करील? एवढंच तिच्या डोक्यात. शेवटच्या तासात तिने साध्या साध्या चुका केल्या, कॉलेजातल्या एखाद्या पोरानेही केल्या नसत्या अशा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीच्या गाडीत निकाल आला. त्यानेच तो तिच्या फोनवर आधी पाहिला. नापास. होसूर मागे पडलं नसेल तोच तो भर डब्यात हुंदके देऊन रडायला लागला. समोरची म्हातारी जोडी खाणं थांबवून बघू लागली. वाणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नापास झाली होती ती, आणि समजूत त्याची काढायची होती.

आठवडा गेला. रविवारी सकाळी तो कागद घेऊन आला. "जूनांत एक जागा आहे. ह्या वेळेस आपण..."

"नको," वाणी म्हणाली.

"एकदांच. तूं अगदीं जवळ होतीस."

"प्रणवेश, बस जरा." तो बसला. "हें मी आतां माझ्यासाठीं देत नाहीं. तुज बरें वाटावें म्हणून देतें आहें. तें माझ्याच्यानें होत नाहीं."

तो कागदाच्या घड्या घालत राहिला. "मग मी काय करूं?"

"कांहीं करूं नको. स्वयंपाक करतोस तो कर, छान करतोस." ती हसली, पण त्याला हसू आलं नाही.

"तुज माझा राग आहे."

"राग नाहीं." तिने खरंच स्वतःच्या आत शोधून पाहिलं. राग नव्हता. "पूर्वी मज वाटायचें, तुज माझें सगळें न सांगतां कळतें. तसें आतां वाटत नाहीं. बाकी कांहीं बदललें नाहीं."

प्रणवेश उठून आत गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

त्यानंतर त्या परीक्षेचं नाव घरात कोणी काढलं नाही. वेळापत्रक कोणी काढून टाकलं, ते वाणीने विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिला तंजावूरजवळच्या ओरत्तनाडु गावच्या एका पॉलिटेक्निकात बाहेरची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. साधी डिप्लोमाची प्रात्यक्षिकं. दिवसभर तिने मुलांचं काम तपासलं, घाबरलेल्यांना धीर दिला, सह्या केल्या, आणि संध्याकाळच्या बसला खिडकीपाशी बसली. दुतर्फा भातशेती, त्यात बगळे. काहीच कारण नव्हतं. कोणी काही बोललं नव्हतं. पण बस वेशीबाहेर पडली आणि तिच्या डोळ्यांतून जे पाणी लागलं ते थांबेना. मुदत गेल्यापासून इतक्या वर्षांत ती एकदाही रडली नव्हती. पदर तोंडाशी धरून ती रडत राहिली.

शेजारी मोगऱ्याची टोपली मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तिने थोडा वेळ जाऊ दिला, मग हळूच तमिळमध्ये विचारलं, "घरातलं कोणी गेलं का, अम्मा?"

वाणीने मान हलवली. नाही.

बाईचा विश्वास बसला नसावा. तिने आणखी विचारलं नाही. हातभर गजरा तोडून वाणीच्या मांडीवर ठेवला आणि पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. मग ती पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

तंजावूरच्या नव्या बसस्थानकावर प्रणवेश स्कूटर घेऊन आला होता. दिव्याच्या उजेडात त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते, ते त्याला दिसले असावेत.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"हो," वाणी म्हणाली, आणि मागे बसली.