आवाज नको म्हटलेल्या पाच टेपा

माझी वहिनी कॉम्प्युटरशी भांडायला लागली की खालच्या मजल्यावर मला कळतं. ती जन्मापासून ऐकू शकत नाही, त्यामुळे टेबलावर मूठ आपटली की केवढा आवाज होतो याचा तिला पत्ताच नसतो. त्या मंगळवारी सकाळी मूठ तीनदा आपटली. चौथ्यांदा आपटल्यावर मी हातातलं काम टाकून वर गेले.

पडद्यावर एक राखाडी चौकट आली होती आणि तिच्यात लिहिलं होतं, ‘या फाइलसाठी लागणारा कोडेक उपलब्ध नाही.’

“हा कोडेक कोण?” वहिनीने हातांनी विचारलं. “आणि तो कधी उपलब्ध होणार आहे? मला शुक्रवारी पाच वाजता पाठवायचंय.”

आमच्या बोलण्यात अहो-जाहो नाही. ज्या खुणांत आम्ही बोलतो त्यांत ते नव्हतंच कधी. त्या खुणा मोठ्या बाईंच्या. मोठ्या बाई म्हणजे कर्णबधिर मुलींची शाळा काढणाऱ्या बाई, स्वतःही ऐकू न येणाऱ्या. वहिनीने त्यांच्या शाळेत तेहतीस वर्षं शिवण शिकवलं. सुई ओवणं, टाका उसवणं, खोटं हसणं, रुसून कोपऱ्यात बसणं, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी बाईंनी आणि पहिल्या मुलींनी मिळून आपल्या खुणा बसवल्या. त्यांतल्या बेचाळीस खुणा दुसरीकडे कुठेच नाहीत.

आता शाळा एका मोठ्या शाळेत मिसळून टाकणार होते. सगळ्या शाळांच्या खुणांचा एकच संच करायला समिती बसली होती. तुमच्या खास खुणा असतील तर व्हिडिओ करून शुक्रवारपर्यंत पाठवा, शेजारी अर्थ लिहा, नाहीतर संचात येणार नाहीत, असं त्यांचं पत्र होतं. संचात नाही म्हणजे वर्गात नाही, आणि वर्गात नाही म्हणजे दहा वर्षांत कुणाच्या हातातही नाही. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे हात उरले होते ते पाच जुन्या व्हिडिओ टेपांमध्ये. पस्तीस वर्षांपूर्वी त्या टेपा माझ्या दादाने काढल्या होत्या. तेव्हा तो लोकांच्या समारंभांचं शूटिंग करायचा, शाळेनेही त्यालाच बोलावलं होतं. वहिनीशी लग्न त्यानंतरचं. दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली.

टेपांची फाइल करून दिली ती बाजारातल्या टेपवाल्याने. त्याचं दुकान म्हणजे जुन्या यंत्रांचं इस्पितळ आहे, आणि तो स्वतः तिथला सगळ्यात थकलेला पेशंट. पण माणूस कामाचा.

कोडेक म्हणजे काय ते मला समजावून घ्यावं लागलं आणि मग वहिनीला समजावावं लागलं. चित्रं इतकी जागा खातात की त्यांच्या घड्या घालून ठेवाव्या लागतात, आणि घडी घालणाऱ्याने जशी घातली तशीच मोडता आली पाहिजे. टेपवाल्याच्या जुन्या यंत्राने घातलेली घडी आमच्या एडिटिंगच्या प्रोग्रॅमला मोडता येत नव्हती. नुसती बघायला फाइल उघडत होती, कापायला-जोडायला नाही. वहिनीला हे चटकन पटलं. जन्म कापडाच्या घड्यांत गेलेला.

“मग मोडायची आणि आपल्या पद्धतीने घालायची,” ती म्हणाली आणि एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून कामाला बसली. एकसष्ट वर्षांची बाई! मी चहा आणला, तो तिथेच गार झाला. संध्याकाळी फाइल प्रोग्रॅममध्ये उघडली आणि मी टाळ्या पिटल्या.

बुधवारी सकाळी तिने मला पुन्हा वर बोलावलं. “बघ. टाका उसवणं. बोट किती वेळा ओढतात?”

“दोनदा.”

“बाई तीनदा ओढायच्या. एक खाल्लं या फाइलने.”

मला आधी वाटलं, डोळ्यांचा भ्रम असेल. पण ती एकेक चित्र पुढे सरकवत गेली आणि मलाही दिसलं. हात वर असायचा आणि पुढच्याच चित्रात एकदम खाली. मधलं गायब. एखाद्या ठिकाणी तेच चित्र चार-चारदा. नुसतं बघणाऱ्याला हात जरा अडखळल्यासारखे वाटले असते, एवढंच. पण खुणेतला एक झटका गेला की बाईंची खूण राहत नाही, नुसते हलणारे हात राहतात. वहिनीने चार वेगवेगळ्या पद्धतींनी फाइल बदलून पाहिली. चारही वेळा हात तसेच तुटके. माझा पारा चढला. मी म्हटलं, खड्ड्यात गेली समिती, नव्याने तूच खुणा करून दाखव आणि व्हिडिओ पाठव.

“माझे हात बाईंचे नाहीत,” ती म्हणाली. “आणि सहा खुणांचा अर्थ मलाही नक्की आठवत नाही. मी काय, अंदाजाने ठोकून देऊ?”

ते खरं होतं. जुन्या मुलींना तिने निरोप धाडून विचारलं होतं. तीन मुलींनी एकाच खुणेचे तीन अर्थ कळवले होते, आणि एकमेकींवर रुसल्या त्या वेगळ्याच.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच आम्ही शटरसमोर उभ्या. टेपवाल्याने फाइल पाहिली, कान खाजवला आणि मला म्हणाला, “ताई, यात आवाजच नाही.”

“तो कशाला हवा?”

“तेच यांनीही लिहून दिलं होतं ना. मी म्हटलं, बरोबरच आहे, यांना आवाजाचं काय करायचंय. वायर लावलीच नाही.” त्याने ड्रॉवरमधून वहिनीच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी काढली. ‘आवाज नको. फाइल उगाच मोठी होते.’

“मग?”

“मग काय, माझंच डोकं चाललं नाही. हे माझं मशीन आवाजाच्या तालावर चित्रं मोजतं. आवाज नसला की मनाला येईल तशी घेतं, मधेच सोडतं. फाइल कितीही बदला, मुळात जे घेतलंच नाही ते कुठून येणार?”

मी हे वहिनीला हातांनी सांगितलं. ती स्वतःच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला आणि लगेच विचारलं, “पुन्हा घेता येईल?”

टेपवाल्याने टेप उजेडात धरली. पट्टीच्या कडेची काळी पूड त्याच्या बोटांना लागली. “एकदा चालेल. दोनदाची हमी मी देत नाही. तुटली तर मला बोल लावायचा नाही.”

“तुटली तर मी शिवीन. लाव म्हणावं,” वहिनी म्हणाली. मी फक्त “लावा” एवढंच सांगितलं.

आवाजाची वायर लागली. आवाज येतोय ना हे बघायला त्याने छोटा स्पीकर चालू केला. आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग माझा दादा बोलला.

“बाई, जरा डावीकडे. डावीकडे सरका. अहो, हात दिसत नाहीयेत.”

ऐकू न येणाऱ्या बाईला तो ओरडून सांगत होता. शहाणाच होता तो! मला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. सहा वर्षांनी त्याचा आवाज ऐकत होते, तोही एवढा तरुण. वहिनीने माझा चेहरा पाहिला आणि तिचा रंग उडाला.

“तुटली?”

“नाही. दादा बोलतोय.”

तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे एकट्या बाई होत्या. “कुठे?”

“कॅमेऱ्याच्या मागे.”

तिने तळवा स्पीकरवर ठेवला. बाईंनी खूण केली आणि दादा म्हणाला, “सुई ओवणे.” पुढची खूण, “टाका उसवणे.” बाईंनी त्याला यादी लिहून दिली असणार, आणि कुठे थांबायचं ते कळावं म्हणून तो एकेक शब्द मोठ्याने वाचत होता. पस्तीस वर्षं ते सगळं टेपांत पडून होतं. शाळेतल्या टीव्हीचा आवाज कधी कुणी वाढवलाच नव्हता, आणि ऐकू येणारे आम्ही शिवणाच्या खुणा बघायला कशाला बसतोय?

“अर्थ सांगतोय,” मी म्हटलं. “सगळ्यांचे.”

वहिनीने पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर आपटली. “लिही.”

“वहिनी, डोळ्यांतल्या पाण्याने मला दिसत नाहीये.”

“पूस आणि लिही. रडायला शनिवार आहे.”

पाचही टेपा चालल्या. चौथी दोनदा अडकली, टेपवाल्याने दम धरून बोटाने ती सोडवली. सहाच्या सहा अर्थ मिळाले. जी खूण मुली थंडी वाजणं म्हणून करत होत्या, ती निघाली वाट बघून कंटाळणं.

घरी गेल्यावर वहिनीने नव्या फाइलची घडी मोडून आपल्या पद्धतीने घातली आणि ती प्रोग्रॅममध्ये मुकाट उघडली. वहिनीने आधी टाका उसवणं काढलं आणि एकेक चित्र मोजलं. बोट तीनदा ओढलं गेलं. तिने खुर्चीतल्या खुर्चीत बसून दोन्ही हात वर केले. शुक्रवारी ती जेवायलासुद्धा उठली नाही. बेचाळीस तुकडे कापले, अर्थ लिहिले, पुन्हा तपासले. आवाजाची पट्टी काढायची का, असं मी विचारलं, कारण समितीत बहुतेक सगळे तिच्यासारखेच होते.

“राहू दे. तुझ्यासारखी एखादी असेलच की.”

चारला दहा मिनिटं असताना फाइल गेली. साडेचारला पोच आली, बेचाळीसही खुणा नीट दिसतात आणि संचात घेतो आहोत. वहिनीने ती दोनदा वाचली, कॉम्प्युटर बंद केला आणि झोपायला गेली.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन खाली माझ्याकडे आली. “आता सांग. यादीत नसलेलं जे जे बोलला ते सगळं.”

मग मी सांगत बसले. तो खोकला ते सांगितलं, बॅटरीला शिव्या घातल्या त्या सांगितल्या. त्याचा आवाज जाड की बारीक, तेही तिने विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. पाचव्या टेपच्या शेवटी यादी संपते, पण दादाने कॅमेरा बंद केलेला नाही. तो खिडकीजवळच्या मशीनवर बसलेल्या मुलीकडे वळवलाय. ती मुलगी खाली मान घालून शिवते आहे. कॅमेरा तिथेच थांबतो, बराच वेळ.

“इथे काय म्हणतो?”

“म्हणतो, ‘बाई, ही कोण?’”

“मग बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. त्यांना कुठे ऐकू आलं? खोलीत ऐकणारं होतं कोण?”

वहिनीने फाइल मागे घेतली, पुन्हा तिथपर्यंत आणली आणि तळवा स्पीकरवर ठेवला. दादाने विचारलं. तिने दुसरा हात उचलला, पडद्याकडे बघत स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं आणि सावकाश, त्याला नीट दिसेल अशी, आपल्या नावाची खूण केली.