डुकरांचं सुतक

हसा, पण आधी ऐकून घ्या. माझ्यासारखा दीडशहाणा तुम्हाला अख्ख्या नाशकात सापडायचा नाही!

अंबडच्या कंपनीत वीस वर्षं क्वालिटीत होतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार खाल्ला. नोकरी सुटल्यावर दिंडोरीकडे वराहपालन सुरू केलं. नियम एकच, डुकरांना अँटिबायोटिक द्यायचं नाही. आजार आतच येऊ दिला नाही तर औषध हवंय कशाला? खाण्यात ताक, लसूण, ओवा. शेडच्या दारात जंतुनाशक पाण्याचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही! सख्ख्या सासऱ्यांना मी बूट काढायला लावलेत.

माझी सोनी डुकरीण व्यायली. अकरा पिल्लं! त्याच आठवड्यात माझा मित्र बाळू, तोही डुकरं पाळतो, त्याची सगळी पिल्लं हगवणीनं गेली. भेटायला गेलो. बिचारा रिकाम्या शेडमध्ये डोकं धरून बसलेला. तिथंही माझं तोंड गप्प बसेना.

"बाळू, दारात घमेलं ठेवलं असतंस तर?"

"चुकलंच दादा," तो म्हणाला.

घरी आलो तर बायको, मंदा, बादली घेऊन उभी.

"अहो, मयताच्या घरून आलात. आधी आंघोळ करा, कपडे तिथंच टाका."

"डुकरांचं सुतक? मंदे, शिकलेल्या माणसाची बायको ना तू?"

तिला चिडवायला म्हणून तसाच तरातरा शेडमध्ये गेलो, पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. घमेलं? अहो, ते बाहेरच्यांसाठी!

चौथ्या दिवशी पिल्लांना हगवण. ताक झालं, ओवा झाला. शेवटी डॉक्टरांचे पाय धरले, "काय टोचायचं ते टोचा!" टोचलं. तरी नऊ गेली. सोनी दोन दिवस पिल्लांचा कोपरा हुंगत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"बाहेरचं कोणी आत आलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! कडक बंदोबस्त आहे आपला."

मंदानं नुसतं बादलीकडे पाहिलं. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी बाळू भेटायला आला. आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. घमेल्यात पाय बुडवून दारातच थांबला.

"आत येत नाही दादा. दोन उरलीत ना?"

घमेल्यावरून मला एक टोमणाही मारला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

"अरे, ये की, दाखवतो," म्हणत मी त्याच्या बाजूनं आत शिरलो.

"अहो, पाय!" मंदा किंचाळली.

खाली पाहिलं. बाळूचे ओले होते. माझे कोरडे.